किन्शासाच्या मुठीतला कोबाल्ट

२२ फेब्रुवारी २०२५. राजधानी किन्शासातून काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या सरकारने कोबाल्टची निर्यात चार महिन्यांसाठी थांबवली. लंडनच्या धातू बाजारात तेव्हा भाव टनाला जेमतेम २१-२२ हजार डॉलर होता. सात वर्षांपूर्वी, मार्च २०१८ मध्ये, हाच धातू ९५ हजारांच्या घरात होता. मधल्या काळात जगातली इलेक्ट्रिक गाड्यांची वर्षाची विक्री २० लाखांवरून १ कोटी ७० लाखांवर गेली. गाड्या आठपटीहून जास्त झाल्या आणि त्यांच्या बॅटरीत लागणाऱ्या धातूचा भाव पावपट झाला. २०१८ च्या गुंतवणूकदारांना हे कोणी सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं.

पुढे जूनमध्ये बंदी तीन महिन्यांनी वाढली आणि सप्टेंबरात तिच्या जागी कोटा आला. १६ ऑक्टोबरपासून वर्षअखेरपर्यंत १८,१२५ टन, आणि २०२६ व २०२७ साठी दरवर्षी ९६,६०० टन. त्यातले ८७ हजार टन कंपन्यांत वाटायचे आणि ९,६०० टन 'आरेकॉम्स' या नियामक संस्थेने आपल्या हातात राखायचे. २०२४ मध्ये काँगोच्या खाणींतून साधारण २ लाख २० हजार टन कोबाल्ट निघाला होता, म्हणजे जगाच्या उत्पादनाचे तीन चतुर्थांश. त्यातला निम्म्याहून कमी माल आता सीमेपार जाणार.

नियामकाच्या खुर्चीत बसून पाहिलं तर प्रश्न सोपा दिसतो: किती आवळायचं? थोडं आवळलं तर भाव हलत नाही. जास्त आवळलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. पण इथलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जात नाही, कारण दुसरं दुकान नावापुरतंच आहे. ते बॅटरीची पाककृतीच बदलतं. त्यामुळे कोबाल्टची उद्याची मागणी हा आकडा बाहेरून मिळत नाही, काही अंशी तो किन्शासाच्या वागण्यावरच ठरतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: आजवर कोबाल्टची मागणी महागाईने जितकी मारली, त्याहून जास्त धसक्याने मारली. २०२५ चा निर्णयही याच मापाने मोजायला हवा.

आधी पुरवठ्याचं विचित्र गणित

भाव पडला की उत्पादक हात आखडता घेतो आणि बाजार सावरतो, असं पुस्तक सांगतं. कोबाल्टच्या बाबतीत हे चालत नाही, कारण कोबाल्टसाठी म्हणून खाण खणणारा जवळपास कोणी नाही. मोरोक्कोतल्या बू अझेरसारखा एखादा अपवाद सोडला तर हा धातू दुसऱ्याचं बोट धरूनच वर येतो: काँगोत तांब्याचं, इंडोनेशियात निकेलचं. तांबं तेजीत असेल तर कोबाल्ट मातीमोल झाला तरी खाण चालूच राहते.

२०२४ मध्ये नेमकं हेच घडलं. त्या वर्षी मे महिन्यात तांब्याने टनाला ११ हजार डॉलरचा विक्रम केला. सीएमओसी या चिनी कंपनीने २०१६ मध्ये फ्रीपोर्ट या अमेरिकी कंपनीकडून काँगोतली टेंके फुंगुरुमेची खाण घेतली होती आणि २०२० मध्ये ५५ कोटी डॉलर देऊन किसानफूचा साठा घेतला होता. या दोन्हींचा विस्तार एकदमच फळाला आला. कंपनीचं कोबाल्ट उत्पादन २०२३ मध्ये साधारण ५५ हजार टन होतं, ते २०२४ मध्ये १ लाख १४ हजार टनांवर गेलं. कोबाल्टचा भाव घसरत असताना एका कंपनीने एका वर्षात उत्पादन दुप्पट केलं आणि तिच्या दृष्टीने त्यात काहीच चुकीचं नव्हतं, कारण ती तांबं विकत होती.

भावाला ओ देणारा पुरवठा इथे एकच आहे: काँगोतल्या कोलवेझी या खाणींच्या शहराच्या आसपास फावडं-कुदळ घेऊन हाताने माती उकरणारी माणसं. फ्रेंचमध्ये त्यांना 'क्रझर' म्हणतात. भाव चढला की त्यांची संख्या फुगते, पडला की ओसरते. २०१८ च्या तेजीत खाणींच्या कडेला आणि अगदी राहत्या वस्त्यांत खड्डे पडले होते. त्याआधी जानेवारी २०१६ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने या खड्ड्यांतल्या बालमजुरीचा अहवाल काढला होता. गाड्या आणि फोन बनवणाऱ्यांच्या संचालक मंडळांपर्यंत कोबाल्ट हा शब्द पहिल्यांदा पोहोचला तो बऱ्याच ठिकाणी त्या अहवालामुळे. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

माल निघतो कसा तेही पाहून घेऊ. कोलवेझीहून शुद्ध धातू निघत नाही. निघतो तो कोबाल्ट हायड्रॉक्साइड, मोठ्या पोत्यांत भरलेली दमट पावडर, जिच्यात कोबाल्टचं प्रमाण साधारण तिसरा हिस्सा असतं. ही पोती ट्रकवर चढतात, कासुंबालेसाच्या सीमेवर रांगेत उभी राहतात, झांबिया ओलांडून बहुतेकदा दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनला उतरतात आणि तिथून जहाजाने चीनला जातात. जगातलं बहुतांश शुद्धीकरण चीनमध्येच होतं. खाणीच्या दारापासून कारखान्याच्या दारापर्यंत जवळपास तीन महिने. म्हणून फेब्रुवारीत नळ बंद झाला तरी चीनमध्ये धार आटायला उन्हाळा उजाडला. आधी निघालेली पोती समुद्रात होती, गोदामांत जुना साठा होता. पहिले काही आठवडे तर बंदी कितपत टिकणार याबद्दल व्यापाऱ्यांत साशंकताच होती. मग जून-जुलैत सीएमओसीची व्यापारी कंपनी आणि ग्लेनकोर ही स्विस खाण कंपनी या दोघांनी 'आमच्या हाताबाहेरचं कारण' हे कलम पुढे करून करारातला पुरवठा थांबवला. ऑक्टोबरअखेर भाव ४८ हजारांच्या आसपास पोहोचला.

एका बॅटरीत किती

मागणीची बाजू समजायची असेल तर टनांत बोलणं सोडून एक बॅटरी समोर घ्यावी. मध्यम आकाराच्या गाडीची, ६० किलोवॉट-तासांची.

तिच्या सेलमधला कॅथोड, म्हणजे धन टोक, निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट समान वाट्याने घेऊन केलेला असेल, म्हणजे एनएमसी १११ प्रकारचा, तर बॅटरीत साधारण २४ किलो कोबाल्ट बसतो. वाटा ६:२:२ केला की १२ किलो. ८:१:१ केला की ६ किलोच्या आसपास. आणि कॅथोड लोह-फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपी असेल तर शून्य. चारही गाड्या रस्त्यावर सारख्याच दिसतात. गाड्यांच्या विक्रीचे आकडे गुणून कोबाल्टची मागणी काढणाऱ्यांचा अंदाज इथेच ढासळतो.

मुळात कोबाल्ट लागतो कशाला? लिथियमचे आयन ज्या थरांमधून ये-जा करतात ते थर जागेवर राहावेत म्हणून. निकेलचा आयन आकाराने लिथियमच्या जवळचा. तो संधी मिळाली की लिथियमच्या जागेत घुसतो आणि वाट अडवतो. कोबाल्ट थरांना शिस्त लावतो, शिवाय सेलला पटकन चार्ज-डिस्चार्ज होऊ देतो. १९८० मध्ये ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने जो लिथियम-कोबाल्ट-ऑक्साइड कॅथोड दाखवला, त्यात वजनाने साठ टक्के कोबाल्टच होता. १९९१ मध्ये सोनीने तोच बाजारात आणला. फोन आणि लॅपटॉप अजून मुख्यतः त्याच्यावरच चालतात, कारण तिथे बॅटरी छोटी असते आणि जागेला सोन्याचं मोल असतं. गाडीत मात्र बॅटरी हजारो पटींनी मोठी, तिथे ती चैन परवडत नाही.

(गंमत अशी की कोबाल्टला हाकलणारं लोह-फॉस्फेटही गुडइनफ यांच्याच गटातून आलं, १९९६-९७ च्या सुमाराला, टेक्सासमध्ये. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, पण किन्शासाने त्यांना दुवा द्यावी की दूषणं, हे ठरवणं अवघड आहे.)

आता भाव लावून पाहू. २०१८ च्या शिखरावर कोबाल्ट किलोला ९५ डॉलर होता. १११ च्या बॅटरीत नुसता कोबाल्ट २,२८० डॉलरचा. हा आकडा कुठल्याही खरेदी अधिकाऱ्याची झोप उडवायला पुरेसा आहे. ६२२ मध्ये १,१४० आणि ८११ मध्ये ५७० डॉलर. म्हणजे कृती बदलली की गाडीमागे अकराशे ते सतराशे डॉलर वाचतात. साहजिकच सगळा उद्योग निकेल वाढवण्यामागे लागला. वाढवणं सोपं नव्हतं. जास्त निकेलचा कॅथोड दमट हवेत बिघडतो, तापला तर लवकर भडकतो, आणि त्याला लिथियम कार्बोनेटऐवजी लिथियम हायड्रॉक्साइड लागतं. पण भाव डोक्यावर बसला होता.

हेच गणित २०२५ च्या भावाने मांडलं की चित्र बदलतं, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ८११ च्या बॅटरीत ६ किलो. २२ डॉलरने १३२, आणि ४८ डॉलरने २८८. फरक दीडशे डॉलरचा. तीस-चाळीस हजार डॉलरच्या गाडीत दीडशे डॉलरसाठी कोणी रसायन बदलत नाही. कोबाल्टचा वाटा जितका बारीक होत गेला, तितकी त्याच्या भावाची टोचणीही बोथट झाली. किन्शासातल्या मंडळींनी हे ताडलं असेल तर त्यांचा डाव दिसतो तितका अविचारी नाही.

धसका कसा काम करतो

मे १९७८. काँगोचं नाव तेव्हा झाईर आणि आजच्या खाणपट्ट्याचं नाव शाबा. बंडखोर कोलवेझीत घुसले, युरोपीय तंत्रज्ञ पळाले, फ्रान्स आणि बेल्जियमचे छत्रीधारी सैनिक उतरले. कोबाल्टचा भाव वर्षभरात काही पटींनी चढला आणि खुल्या बाजारात उत्पादकांच्या ठरलेल्या दराच्याही कितीतरी वर गेला. गिऱ्हाइकांनी विमानाने माल उचलला. वर्ष संपताना हिशेब केला तेव्हा दिसलं की उत्पादन कोसळलेलंच नव्हतं. कोसळला होता तो विश्वास.

तेव्हाचं मोठं गिऱ्हाईक होतं चुंबक. लाउडस्पीकर आणि मोटारींत ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचे अल्निको चुंबक असायचे. त्या धक्क्यानंतर स्पीकरवाले स्वस्त फेराइटकडे वळले. दुसरीकडे संशोधक कोबाल्टशिवाय ताकदवान चुंबक शोधू लागले आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जनरल मोटर्स आणि जपानच्या सुमितोमो स्पेशल मेटल्सने निओडिमियम-लोह-बोरॉनचा चुंबक पुढे आणला. आज बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारीत तोच फिरतो. पुढे कोबाल्ट स्वस्त झाला, पण स्पीकरचा बाजार त्याच्याकडे परत आला नाही.

२०१८ नंतर हाच खेळ पुन्हा झाला, फक्त हळू. वरवर पाहता तेजी लवकर विरली. २०१९ च्या मध्यापर्यंत भाव ३० हजारांच्या खाली आला. कॅनडातल्या कोबाल्ट २७ नावाच्या कंपनीने तर शिखराच्या वाटेवर साधारण तीन हजार टन कोबाल्ट विकत घेऊन गोदामांत नुसता ठेवून दिला होता. इलेक्ट्रिक गाड्या येणार, कोबाल्ट तुटणार, मग विकू, इतकंच त्यांचं गणित. २०१९ मध्ये कंपनीच दुसऱ्याने गिळली. ऑगस्ट २०१९ मध्ये ग्लेनकोरने जगातली तेव्हाची सगळ्यात मोठी कोबाल्ट खाण, मुटांडा, बंद ठेवायचं जाहीर केलं.

भाव उतरला म्हणून कारखान्यांतलं काम मात्र थांबलं नाही. कोबाल्ट कमी करायचे प्रकल्प तेजीत सुरू झाले होते, ते मंदीतही चालू राहिले. कारण खरेदी विभागाच्या यादीत आता तीन भीती एका ओळीत लिहिलेल्या होत्या: भाव कधीही उसळतो, माल एकाच देशातून येतो, आणि त्या देशातल्या खड्ड्यांत मुलं काम करतात. पहिली भीती गेली तरी उरलेल्या दोन जागच्या जागी होत्या. बॅटरीचं रसायन बदलणं म्हणजे चाचण्या, प्रमाणपत्रं, नवी यंत्रं, चार-पाच वर्षांचं काम. इतका खर्च करून झाल्यावर माल स्वस्त झाला म्हणून कोणी मागे फिरत नाही.

मग एलएफपीची लाट आली. चीनमध्ये २०१९ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांवरची अनुदानं कापली गेली. त्याआधी त्यांचा कल जास्त ऊर्जा-घनतेच्या, म्हणजे निकेलवाल्या बॅटऱ्यांकडे होता. सीएटीएल या चिनी बॅटरी कंपनीने सेल थेट पॅकमध्ये बसवायची पद्धत काढली. मार्च २०२० मध्ये बीवायडीने ब्लेड बॅटरी आणली. जड म्हणून हिणवलेल्या लोह-फॉस्फेटला या मांडणीमुळे पुरेशी रेंज मिळू लागली. त्याच वर्षी टेस्लाने शांघायमध्ये बनणाऱ्या मॉडेल ३ च्या साध्या आवृत्तीत एलएफपी बसवली, आणि २०२२ च्या पहिल्या तिमाहीत टेस्लाच्या एकूण गाड्यांपैकी जवळपास निम्म्या एलएफपीवर होत्या. त्याच तिमाहीत कोबाल्ट पुन्हा ८० हजारांच्या वाटेवर होता. हे शिखर गाठलं आणि वर्षभरात भाव पुन्हा कोसळला. या वेळी तो पडला तेव्हा खाली झेलायला मागणी नव्हती. २०२४ मध्ये जगातल्या गाड्यांच्या बॅटऱ्यांपैकी क्षमतेने जवळपास निम्म्या एलएफपी होत्या, चीनमध्ये जवळजवळ तीन चतुर्थांश.

एलएफपी केवळ कोबाल्टच्या धास्तीने जिंकली, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. ती मुळातच स्वस्त आहे, जास्त टिकते, सहजी पेटत नाही. पण 'निकेल-कोबाल्टची कटकटच नको' हे वाक्य निर्णयाच्या प्रत्येक बैठकीत एलएफपीच्या बाजूच्या पारड्यात पडलं, एवढं नक्की.

२०३० चा हिशेब, कागदाच्या मागच्या बाजूला

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये म्हटलं होतं की २०४० पर्यंत कोबाल्टची मागणी तेव्हाच्या सहापट होईल किंवा तीसपट होईल, रसायन आणि धोरणं कशी वळतात त्यावर. सहा की तीस! हा अंदाज म्हणून वाचला तर हसू येतं, पण मला तो त्या काळातला सगळ्यात प्रामाणिक आकडा वाटतो. त्या संस्थेने निदान कबूल केलं की गाड्यांची संख्या कळली म्हणून कोबाल्ट कळत नाही.

त्याच धर्तीवर एक कच्चा हिशेब करू. २०२४ मध्ये गाड्यांसाठी जवळपास एक हजार गिगावॉट-तास बॅटऱ्या लागल्या. २०३० मध्ये त्या तीन हजारांवर जातील असं धरू. सध्याच्या अंदाजांना धरूनच ते आहे. आता फक्त दोन गोष्टी हलवायच्या: निकेलवाल्या बॅटऱ्यांचा वाटा आणि त्यांच्यात किलोवॉट-तासामागे असलेला कोबाल्ट.

वाटा निम्मा राहिला आणि सरासरी १५० ग्रॅम कोबाल्ट धरला, तर मागणी २ लाख २५ हजार टन. वाटा तीस टक्क्यांवर आला आणि कोबाल्ट १०० ग्रॅमवर, तर ९० हजार टन. वाटा वीस टक्के आणि कोबाल्ट ८० ग्रॅम, तर ४८ हजार टन. गाड्या तिन्ही वेळा तेवढ्याच, मागणीत मात्र पावणेपाच पटींचा फरक.

मधला पर्याय मला सगळ्यात जवळचा वाटतो आणि तो किन्शासासाठी फारसा सुखाचा नाही. २०२४ मध्ये जगाची कोबाल्टची वर्षाची गरज दोन लाख टनांहून थोडी जास्त होती आणि त्यातला चाळीस टक्क्यांहून जरा अधिक हिस्सा गाड्यांचा. म्हणजे ९० हजार टन ही साधारण २०२४ चीच पातळी. बॅटऱ्या तिप्पट होऊनही कोबाल्ट जागच्या जागी! जेट इंजिनांचे मिश्रधातू, कापणीची कठीण हत्यारं, उत्प्रेरक, फोन हे सगळे आपापल्या गतीने वाढतील, पण तेजीचं स्वप्न कोणी इंजिनाच्या पात्यांवर पाहत नाही.

तळ मात्र शून्य नाही. निकेलवाल्या बॅटरीतून शेवटचे काही टक्के कोबाल्ट काढणं सगळ्यात अवघड. कॅनडात जेफ डान यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की खूप निकेल असलेल्या कॅथोडमध्ये कोबाल्टचं काम ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचा अंशही बऱ्याच अंशी करू शकतो. प्रयोगशाळेतून लाखो गाड्यांच्या हमीपर्यंतचं अंतर अजून कापायचं आहे. मँगनीज वाढवलेले कॅथोड, सोडियम-आयन वगैरे रांगेत आहेतच. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांप्रमाणे ऑगस्ट २०३१ पासून नव्या बॅटरीतला किमान १६ टक्के आणि २०३६ पासून २६ टक्के कोबाल्ट पुनर्वापरातला असावा लागेल. हा वाटाही खाणीच्या मागणीतून वजा करायचा.

आवळण्याचा फायदा किती

आता पुन्हा नियामकाच्या खुर्चीत. काँगोने २ लाख २० हजार टन २२ हजार डॉलरने विकले तर धातूच्या भावाने ४८४ कोटी डॉलर. ९६,६०० टन ४८ हजारांनी विकले तर ४६४ कोटी. हायड्रॉक्साइडला धातूपेक्षा कमी भाव मिळतो, सगळं उत्पादन त्याच वर्षी निर्यात होत नाही, त्यामुळे हे आकडे दिशा दाखवण्यापुरतेच. पण दिशा स्पष्ट आहे. टनाला साधारण ५० हजारांवर भाव टिकला तर निम्म्याहून कमी माल विकून तेवढाच पैसा मिळतो, आणि उरलेला कोबाल्ट देशातच राहतो. २०१८ च्या खाण कायद्यात कोबाल्टला 'मोक्याचं खनिज' ठरवून रॉयल्टी दहा टक्क्यांवर नेली होती, पण मोडीच्या भावावर दहा टक्के घेऊन तिजोरी भरत नाही. त्या हिशेबाने कोटा योग्यच.

भुर्दंड कोणाला? जगाच्या ताटात काँगोचे ९६,६००, इंडोनेशियाचे तीसेक हजार आणि बाकीच्यांचे चाळीसेक हजार टन धरले तर १ लाख ७० हजारांच्या आत. गरज दोन लाखांवर. तफावत काही काळ साठ्यातून भरून निघेल, पण साठा दोन वर्षं पुरत नाही. इंडोनेशियाकडे लक्ष ठेवायला हवं. काही वर्षांपूर्वी कोबाल्टच्या नकाशावर हा देश जवळपास नव्हता. लाल मातीतलं निकेल दाब आणि आम्लाने सोडवणारे चिनी भांडवलाचे कारखाने उभे राहिले आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. तिथेही कोबाल्ट पोटउत्पादनच, त्यामुळे ४८ हजारांचा भाव म्हणजे त्यांच्यासाठी निव्वळ वरकड कमाई.

कंपन्यांत सगळ्यात मोठा फटका सीएमओसीला. २०२४ मध्ये १ लाख १४ हजार टन काढणाऱ्या कंपनीचा २०२६ चा कोटा ३१ हजारांच्या आसपास. ग्लेनकोरला २२-२३ हजार. तरी सीएमओसीच्या खाणी थांबणार नाहीत, तांब्याने त्यांचं पोट भरतंच. कोबाल्ट काँगोतच ढीग होऊन पडेल. हा ढीग मला या सगळ्यातला सगळ्यात धोकादायक भाग वाटतो. वर्षाला लाखभर टन माल सीमेच्या आत साठत जाणार, आणि तो आहे हे प्रत्येक गिऱ्हाइकाला माहीत असणार. २०२७ नंतर तो एकदम सुटला तर? की कोटा आणखी आवळला जाईल? दोन्ही प्रश्नांची उत्तरं आज कोणाकडे नाहीत.

हाच तो धसका. ८११ वापरणाऱ्या कंपनीला ४८ हजारांचा भाव सोसतो, हे आपण पाहिलं. तिला सोसत नाही ते दुसरं काही. एका फेब्रुवारीत चार महिन्यांची बंदी, जूनमध्ये तीन महिन्यांची वाढ, सप्टेंबरात कोटा, आणि पुढे काय होणार याची आधी खात्री नाही. कारखान्याची साखळी तीन महिन्यांच्या पोत्यांवर चालते. ती पोती येणार की नाही हे कळत नसेल तर सहा किलो कोबाल्टसाठी पूर्ण गाडी अडून पडते. दीडशे डॉलरचा प्रश्न पाहता पाहता तीस हजार डॉलरचा होतो.

किन्शासाला भाव हवा असेल तर तो मिळवायचा एक शांत मार्ग आहे आणि हत्यार त्यांच्याच हातात आहे: ते राखीव ९,६०० टन. अमुक भावाच्या वर गेलं की इतका माल सोडू, अमुकच्या खाली आलं की इतका रोखू, असा नियम आधी जाहीर करायचा आणि पाळायचा. ४० ते ५० हजारांचा पट्टा गाडीवाल्यांना झेपतो, तिजोरीलाही पुरतो. पुढे-मागे ९,६०० कमी पडतील, तेव्हा ढिगातला माल त्याच नियमाखाली आणता येईल. त्याऐवजी भाव ८० हजारांवर जाऊ देण्याचा मोह झाला, तर पुढच्या दोन तिमाहींचे आकडे झकास दिसतील. पण गिऱ्हाईक पाककृती बदलेल आणि परत येणार नाही. भाव सांभाळायला काँगोला इंडोनेशियासारखा भागीदार मिळण्याच्या बाबतीतही मी फारसा आशावादी नाही. इंडोनेशियाला आपला निकेल उद्योग वाढवायचा आहे, कोबाल्टचा भाव सांभाळायचं त्याला काही कारण नाही.

कोट्याची मुदत २०२६ आणि २०२७ ची आहे. याच दोन वर्षांत २०३० च्या आसपास रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांचे सेल निवडले जातील. ती निवड करणाऱ्या इंजिनिअरच्या टेबलावर दोन नमुने असतील, एक निकेलचा आणि एक लोह-फॉस्फेटचा, आणि शेजारी खरेदी विभागाचा एक कागद. त्यावर कोबाल्टच्या रकान्यात भावाच्या पुढे काय शेरा लिहिलेला असेल, ते किन्शासात ठरेल.